शिष्यवृत्ती मिळाली, पण पैसे गेले कुठे?

बसमध्ये असाल तर आवाज थोडा वाढवा. आजचा भाग इंजिनिअरिंगच्या फर्स्ट इयरला नुकतंच लागलेल्यांसाठी.

मी हिंगोली जिल्ह्यातल्या एका खेड्यातून पुण्याला आलो. कॅप राउंडमधून नंबर लागला आणि राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीत बसलो. घरचं वार्षिक उत्पन्न 8 लाखांच्या आत, म्हणून निम्मी ट्यूशन फी माफ. गावात मात्र बातमी झाली, "पोराचं शिक्षण फुकटात झालं!" आता होस्टेल, मेस, ड्राफ्टर, वर्कशॉपचा ड्रेस हे त्या फुकटात येत नाही, हे कुणाकुणाला सांगणार?

महाडीबीटीवर फॉर्म भरला, मंजूरही झाला. पण सेमिस्टर संपत आलं तरी खात्यात दमडी नाही. कॉलेजमधून तगादा सुरू, "शिष्यवृत्ती आली की नाही? उरलेली फी भरा." घरी सांगायची लाज वाटली. सोयाबीन पावसात गेलेलं. मग मी मेसचं रात्रीचं पान बंद केलं आणि ते पैसे फीसाठी ठेवायला लागलो. रूममेटला म्हणायचो, पोट बिघडलंय. आता पोट बिघडून बिघडून किती दिवस बिघडणार? त्यानं पकडलंच, आणि ओढत एका सीनियर दादाकडे नेलं.

दादानं माझाच फोन घेतला, आधारच्या वेबसाइटवर लॉगिन करून 'बँक सीडिंग स्टेटस' उघडलं. तिथं पुण्यातलं नवं खातं नव्हतंच! होती गावाकडची बँक, शाळेत असताना काढलेलं खातं.

हे नीट ऐका. आधार नंबर तुम्ही दोन-तीन बँकांत दिलेला असू शकतो, पण डीबीटीचे पैसे ज्या एकाच खात्याला आधार सीड आहे, तिथंच जातात. माझे पैसे केव्हाच आले होते. मेसेज जुन्या नंबरवर, पासबुक आईच्या पेटीत. त्यामुळे हे आज रात्रीच बघून घ्या. मुलींनो, 2024-25 पासून ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसीतल्या, 8 लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या मुलींना ट्यूशन फी पूर्ण माफ आहे, तेही विचारून घ्या. आणि सेकंड इयरला रिन्यूअल विसरू नका.

बाबांनी बँकेत जाऊन एंट्री मारून आणली. फोनवर म्हणाले, "एवढे पैसे आपल्या खात्यात पडून होते, अन् आपण उधारी करत हिंडत होतो व्हय?"

पैसे त्याच आठवड्यात कॉलेजला गेले. मेसवाल्या मावशींना सांगितलं, आजपासून रात्रीचं पान पुन्हा लावा.