मागणीपत्र आणि प्रार्थना



प्रार्थनेवर बोलायला कामगार संघटनेतला माणूस कशाला, असे काहींच्या मनात आले असेल. आमच्याही आले. आमची शाळा सातवीत सुटली. पुढचे शिक्षण झाले ते हमालांच्या अड्ड्यावर आणि वाचनालयाच्या बाकावर. पण मागावे कसे, हे आम्हांला चांगले ठाऊक आहे. तीस वर्षे आम्ही मागणीपत्रे लिहीत आलो. आणि तिथेच आमचे चुकले. देवापुढे उभे राहिलो तरी हातात मागणीपत्र! कलम एक, कलम दोन; मान्य न झाल्यास तुझे दर्शन बंद.

काही वर्षांपूर्वी जळगावातल्या एका डाळमिलमध्ये पोत्यांची थप्पी कोसळून आमचा एक सोबती गेला. भरपाईच्या अर्जावर सही घ्यायला आम्ही त्याच्या घरी गेलो. त्याची सहासात वर्षांची पोर देव्हाऱ्यापुढे बसून विचारीत होती, ‘तू तव्हा कुठं होता? तुले पोतं उचलता येत नाही का?’ आजीने दटावले, ‘देवाले असं बोलू नाही, माय.’ आमची मात्र मान खाली गेली. अपघाताच्या दिवसापासून आम्ही रागाने देवाशी बोलणेच टाकले होते. आणि ही पोर रागावली होती, तरी त्याच्यापाशीच बसली होती.

बालभाव म्हणजे भोळेपणा नव्हे. मूल ‘का?’ म्हणून विचारते, पटेपर्यंत पिच्छा सोडीत नाही. पण उत्तर मिळाले नाही म्हणून आईचा पदरही सोडीत नाही.

आपल्या आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांना लिहितावाचता येत नव्हते. जात्यावर, शेतात त्या गात. ती गाणी त्यांच्या मागे १९५२ साली पुस्तकरूपाने आली. तरुणपणीच वैधव्य आले, कष्ट सुटले नाहीत, तरी बाईंचे नवल आटले नाही. मातीतून कोंब वर येतो कसा, चिमुकल्या चोचीने सुगरण घर विणते कसे, हे त्या रोज नव्याने पाहत. असे पाहणे हीसुद्धा प्रार्थनाच, असे आम्ही समजतो.

दुसरे उदाहरण धुळ्याचे. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी गीतेवर बोलत. एम. ए. झालेले, अंमळनेरच्या शाळेत मुलांना शिकवलेले साने गुरुजी समोर बसून ते टिपून घेत. ‘गीता प्रवचने’ आपल्या हाती आली ती त्या टिपणांमुळे. शिकवणाऱ्याने पुन्हा विद्यार्थी होऊन बसणे सोपे नसते. तेच गुरुजी पुढे गिरणी कामगारांसाठी झटले. देव सर्वांचा, तर मग काहींना दारात का अडवता, हा प्रश्न एखादे मूलच विचारील. १९४७ च्या मे महिन्यात गुरुजींनी पंढरपुरात तोच प्रश्न घेऊन दहा दिवस उपोषण केले, आणि अस्पृश्य मानलेल्यांना विठ्ठलाचे दार उघडले.

आमचे सोबती विचारतात, प्रार्थनेने मजुरी वाढते का? नाही वाढत. मजुरी संघटनेने वाढते. थप्पी नीट रचली तर माणूस वाचतो. ही कामे आपली आहेत. ती देवावर ढकलू नयेत. मग प्रार्थना कशाला? आम्हांला वाटते, जो प्रश्न सभेत मांडता येत नाही, वकिलाला सांगता येत नाही, तो घेऊन माणसाला कुठेतरी बसता आले पाहिजे. नाहीतर तो प्रश्न आत कुजतो आणि माणूस कडवट होतो. आम्ही तसे होत चाललो होतो.

आता आम्ही रात्री मागणीपत्र बाजूला ठेवून बसतो, आणि त्या पोरीचाच प्रश्न विचारतो. उत्तर मिळाले, असे खोटे सांगणार नाही. पण सकाळी गोदामात पाऊल टाकले की आमची पहिली नजर थप्पीकडे जाते, आणि दुसरी तिच्याखाली उभ्या असलेल्या माणसाकडे.