मतदार कोणासाठी घराबाहेर पडतो?

(पनवेल येथील वसंत व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



संयोजकांनी विषय दिला तो असा: मतदाराला मतदान केंद्रापर्यंत आणण्याची ताकद कोणात जास्त, मवाळ उमेदवारात की पुरोगामी उमेदवारात? आहे ती घडी न मोडता, सगळ्यांना सांभाळून घेत थोडी दुरुस्ती मागतो त्याला आपण मवाळ म्हणू. जमीन कोणाकडे राहील, नफा कोणाला मिळेल, हे वाटपच बदला असे म्हणतो तो पुरोगामी. हा प्रश्न दिल्लीत किंवा पुण्यात विचारला तर पुस्तकी वाटेल. पनवेलमध्ये तो तसा वाटत नाही, कारण शेतकरी कामगार पक्षासारख्या (शेकाप) डाव्या पक्षाला जवळपास अर्धशतक आमदारकी देणारी आणि मग २००९ पासून सलग दुसरीकडे वळलेली ही जागा आहे. दोन्ही गोष्टी याच मातीत घडल्या. तेव्हा उत्तरही इथेच शोधू.

सुरुवात १९८४ पासून करतो. त्या एका वर्षाइतका स्पष्ट पुरावा मला महाराष्ट्रात दुसरा दिसत नाही.

आधी पार्श्वभूमी. नवी मुंबई वसवणाऱ्या सरकारी महामंडळाची, सिडकोची, स्थापना १९७० ची. नवी मुंबईसाठी ठाणे, पनवेल आणि उरण या तालुक्यांतल्या ९५ गावांच्या जमिनी घ्यायचे ठरले. भातशेती गेली, मिठागरे गेली, खाडीतली मासेमारी आटली. मोबदला एकरकमी आणि तुटपुंजा. शहर उभे राहिल्यावर त्या जमिनीला जी किंमत येणार होती, तिच्यात मूळ मालकाचा वाटा शून्य. जासईचे दि. बा. पाटील या प्रश्नावर उभे राहिले. पेशाने वकील, शेकापचे आमदार, १९७७ ते १९८० कुलाब्याचे, म्हणजे आताच्या रायगड जिल्ह्यातल्या मतदारसंघाचे, खासदार. १६ आणि १७ जानेवारी १९८४ या दोन दिवसांत उरण तालुक्यात आंदोलक शेतकऱ्यांवर पोलिसांनी गोळीबार केला आणि पाच जण हुतात्मा झाले. दरवर्षी जानेवारीत त्यांना अभिवादन होते, आणि इथल्या गावठाणांत ती नावे आजही मुलांना सांगितली जातात.

त्याच वर्षाच्या अखेरीस लोकसभेची निवडणूक आली. इंदिरा गांधींची हत्या होऊन दोन महिनेही झाले नव्हते. काँग्रेसची अशी लाट देशाने आधी पाहिली नव्हती, नंतरही पाहिली नाही. महाराष्ट्रातल्या ४८ पैकी ४३ जागा काँग्रेसने घेतल्या. उरलेल्या पाच पाहा. बारामतीतून शरद पवार आणि औरंगाबादमधून साहेबराव डोणगावकर, दोघेही काँग्रेस (एस) चे. राजापुरातून समाजवादी मधु दंडवते. मुंबई दक्षिण मध्यमधून गिरणी संपाचे नेते दत्ता सामंत, अपक्ष. आणि कुलाब्यातून दि. बा. पाटील, शेकाप. बलाढ्य मवाळ पक्षाच्या लाटेत तरलेल्या पाचांपैकी तिघे उघड पुरोगामी, आणि त्यातले दोघे थेट चळवळीतून आलेले.

या निकालावरून ‘पाहा, जहाल बोललात की लोक पेटून उठतात’ असे म्हणणे सोपे आहे. पण दंडवते आठवा. १९७१ ते १९८९ अशा सलग पाच निवडणुका ते राजापुरातून जिंकले. त्यांच्या बोलण्यात कधी आग नव्हती. प्राध्यापकाची शांत, आकड्यांना धरून चालणारी भाषा. म्हणजे कार्यक्रम समाजवादी आणि वृत्ती मवाळ. रेल्वेमंत्री असताना त्यांनी काय केले, हे कोकणातला म्हातारा आजही सांगेल: दुसऱ्या वर्गाच्या स्लीपर डब्यातल्या लाकडी फळ्यांवर गाद्या आल्या. ज्याला रात्रभर त्या फळीवर झोपून प्रवास करावा लागतो, त्याच्यासाठी पुरोगामीपणा याहून वेगळा नसतो.

स्वर आणि मागणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आपल्याकडच्या चर्चेत त्या नेहमी एकत्र कालवल्या जातात. उमेदवार किती चढ्या आवाजात बोलतो यावर माणूस उन्हात रांग लावत नाही. तो उठतो ते उमेदवाराची मागणी त्याच्या सातबाऱ्याला, त्याच्या मजुरीला, त्याच्या घराला भिडते तेव्हा. आणि त्या मागणीसाठी उमेदवाराने स्वतः काही सोसले आहे हे त्याला ठाऊक असते तेव्हा. दि.बां.ची मागणी मोजता येण्यासारखी होती: घेतलेल्या जमिनीच्या बदल्यात विकसित जमिनीचा हिस्सा परत द्या. त्यातूनच पुढे साडेबारा टक्के योजना आली. नवी मुंबई विमानतळाच्या गावांसाठी तो आकडा साडेबावीस टक्क्यांपर्यंत गेला. ‘शोषणमुक्त समाज’ हे शब्द मला प्रिय आहेत. पण साडेबारा टक्के हा आकडा घेऊन बाई घरातल्या चार जणांना सोबत घेऊन मतदानाला जाते.

याची मुळे आणखी मागे जातात. अलिबाग तालुक्यातल्या चरीचा शेतकरी संप १९३३ ला सुरू झाला आणि १९३९ पर्यंत चालला. खोतांच्या जमिनी कसायच्याच नाहीत, म्हणून नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली कुळांनी सहा वर्षे हाल सोसले. डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या पाठीशी उभे राहिले. पुढे याच जिल्ह्यात शेकाप इतका खोल रुजला, तो पक्षाच्या दाभाडी प्रबंधातल्या मार्क्सवादामुळे फारसा नाही. तो रुजला, कारण लाल बावटा हातात घेणाऱ्यांनी सहा वर्षांची उपासमार पाहिली होती.

मवाळांनाही इथे न्याय दिला पाहिजे. १९५२ मध्ये कुलाब्याने चिंतामणराव देशमुखांना निवडून दिले. आयसीएस अधिकारी, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, मग देशाचे अर्थमंत्री. त्यांच्याहून संयत माणूस शोधून सापडणार नाही. पण मुंबई महाराष्ट्राला नाकारली जाते हे दिसल्यावर १९५६ मध्ये त्यांनी मंत्रिपद सोडले, आणि त्या राजीनाम्याने जे काम केले ते शंभर जहाल भाषणांनी केले नसते. पुढच्या वर्षी कुलाबा संयुक्त महाराष्ट्राच्या बाजूने गेला, शेकापच्या राजाराम राऊतांकडे. आणि १९८४ मध्ये दि.बां.ना निवडून देणाऱ्या याच मतदारसंघाने १९८९ मध्ये काँग्रेसचे माजी मुख्यमंत्री अंतुले निवडले; १९९१ आणि १९९६ लाही तेच. अंतुले यांच्या नावावर संजय गांधी निराधार योजना होती, जिल्ह्यातली कामे होती. लोक बदलले नव्हते. १९८४ ची जखम आणि १९८९ ची गरज वेगळी होती, एवढेच.

राज्यशास्त्रात यावर बरेच लिहिले गेले आहे. अँथनी डाउन्स यांचे १९५७ चे पुस्तक सांगते की दोन पक्षांची लढत असेल तर दोघेही मधल्या मतदाराकडे सरकतात. त्या हिशोबात मवाळच शहाणा ठरतो. अमेरिकेत अँड्र्यू हॉल आणि डॅनियल थॉम्पसन यांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तिथल्या प्रतिनिधीगृहाच्या निवडणुका तपासल्या. टोकाचा उमेदवार दिला की स्वतःच्या पक्षाचे मतदार जितके उठतात, त्याहून समोरच्या पक्षाचे मतदार जास्त उठतात, असे त्यांना आढळले. हा निष्कर्ष पुरोगाम्यांनी गांभीर्याने घ्यावा. पण त्याच देशात २०२५ मध्ये न्यूयॉर्कच्या महापौरपदासाठी झोहरान ममदानी उभे राहिले, ठराविक घरांची भाडेवाढ गोठवू आणि बसप्रवास मोफत करू असे सांगत. वीस लाखांहून जास्त मते पडली. १९६९ नंतर त्या शहरात एवढे मतदान झाले नव्हते. त्यांच्या विरोधात मत द्यायलाही लाखो लोक आले, म्हणजे हॉल आणि थॉम्पसन पूर्ण चुकीचे नव्हते. तरी ममदानी जिंकले, कारण घरभाडे ही त्या शहराची दुखरी नस होती.

आता आपल्याकडे या. २००९ मध्ये शेकापचा पनवेलचा गड पडला. काँग्रेसचे प्रशांत ठाकूर निवडून आले आणि २०१४ पासून तेच भाजपकडून जिंकत आले आहेत. १ ऑक्टोबर २०१६ ला महानगरपालिका झाली. २०१७ च्या पहिल्या निवडणुकीत ७८ पैकी ५१ जागा भाजपने घेतल्या, शेकापने २३. पैसा, फोडाफोड, सत्तेचे बळ ही कारणे मी नाकारत नाही. कर्नाळा नागरी सहकारी बँक बुडाली आणि २०२१ मध्ये तिचा परवाना रद्द झाला, तेव्हा तिच्याशी जोडलेल्या शेकाप नेतृत्वावरचा विश्वासही बुडाला. ठेवीदार गरीब होते, आणि गरिबाच्या पक्षाला हे कधीच माफ होत नाही. पण मुख्य कारण याहून साधे आहे. मतदारच बदलला.

खारघर, कामोठे, कळंबोली, नवीन पनवेल. सिडकोने शेतकऱ्याच्या जमिनीवर जी शहरे उभारली, त्यांत राहायला आलेल्या माणसाला साडेबारा टक्क्यांशी काही देणेघेणे नाही. तो सातारा, सांगली, जळगाव, उत्तर प्रदेश, केरळ इथून आलेला. सकाळची लोकल पकडणारा, फ्लॅटचा हप्ता फेडणारा. त्याच्यापुढे जुन्या घोषणा दिल्या गेल्या, आणि त्याने साहजिकच रस्ते, उद्याने, नळजोडणी करून देणाऱ्याचा हात धरला. मी याला अडाणीपणा म्हणणाऱ्यांच्या विरोधात आहे. त्या माणसाने पुरोगामी विचार नाकारला नाही. त्याच्यापर्यंत तो आलाच नाही.

त्याचे स्वतःचे प्रश्न नाहीत का? सिडकोचे सेवाशुल्क भरत असताना महापालिकेने २०१६ पासूनचा मालमत्ता कर मागच्या तारखेने लावला, तेव्हा याच सोसायट्यांतले लोक रस्त्यावर उतरले, न्यायालयात गेले. पाण्यासाठी उन्हाळ्यात हंडा मोर्चे निघतात, टँकरवर महिन्याचे बजेट उडते. देहरंग धरण कोणत्या काळाच्या पनवेलसाठी बांधले होते आणि आजचे पनवेल केवढे आहे, हे तुम्ही जाणता. शहर कोणाच्या पाण्यावर वाढते आणि बिल्डरला परवानगी देताना पाण्याचा हिशोब कोण मागतो, हा अस्सल पुरोगामी प्रश्न आहे. त्यात जमीन आहे, नफा आहे, सार्वजनिक मालकी आहे. दि.बां.चा प्रश्न हाच होता, फक्त तेव्हा तो शेतकऱ्याच्या तोंडून आला.

विमानतळाला दि.बां.चे नाव द्यावे म्हणून २०२१ मध्ये मानवी साखळी झाली, सिडकोला घेराव पडला. अनेक पक्षांचे लोक त्यात होते आणि राज्य सरकारला मान तुकवावी लागली. माणसे उठतात, हे आपण डोळ्यांनी पाहिले. पण त्या साखळीत मुख्यतः भूमिपुत्र होते. खारघरचा फ्लॅटवाला आणि गव्हाणचा आगरी शेतकरी एका मागणीखाली उभे राहिलेले मी अजून पाहिलेले नाहीत, आणि मला खरी तळमळ त्याची आहे.

पनवेल विधानसभेचे मतदार साडेसहा लाखांच्या घरात गेले, राज्यातल्या सर्वांत मोठ्या मतदारसंघांपैकी हा एक. २०२४ मध्ये त्यांतल्या साधारण दहांपैकी चार जणांनी मत दिले नाही. शेजारच्या उरणमध्ये, जिथे गावे अजून गावे आहेत, मतदानाचा टक्का कितीतरी वर असतो. पनवेलच्या न आलेल्यांत मवाळाला कंटाळलेले आहेत, जहालाला घाबरलेले आहेत. पण कित्येक असे आहेत की ज्यांचे नाव अजून गावच्या यादीत आहे, किंवा दोन्हीकडे आहे, किंवा भाड्याचे घर बदलल्यावर कुठेच उरलेले नाही. त्यांच्या दारात कोणत्याही विचाराचा उमेदवार अजून पोहोचलेला नाही. जो पक्ष पुढच्या निवडणुकीच्या दोन वर्षे आधी कामोठ्याच्या एकेका सोसायटीत बसून नवीन नोंदणीचे अर्ज भरून घेईल आणि त्याच बैठकीत पाण्याचा हिशोब मांडेल, त्याला मवाळ म्हणावे की पुरोगामी, हे मग त्या सोसायटीने ठरवावे.