चौकाबाहेरचा चित्रकार

(ग्रामीण कलावंतांविषयीच्या एका भाषणाचा मजकूर)



कलावंतांसाठी असलेल्या बहुतेक शासकीय अर्जांत ‘शैक्षणिक अर्हता’ असा एक रकाना असतो. ज्याने कोणत्याही कलाशाळेची पायरी चढलेली नाही, त्याने त्या रकान्यात काय लिहावे? बहुधा ‘निरंक’ असा शब्द लिहून हा प्रश्न मिटविला जातो. अर्ज भरून देणारा गुरुजी असो वा ग्रामसेवक, त्याचाही यात दोष नाही. रकानाच तसा आखलेला असतो. परंतु ज्यांची चित्रे १९८९ साली पॅरिसच्या मोठ्या जागतिक प्रदर्शनात मांडली गेली, ज्यांना २०११ साली पद्मश्रीने गौरविण्यात आले, त्या जिव्या सोमा म्हसे यांच्या बाबतीत ‘निरंक’ हा शब्द कितपत खरा ठरला असता, याचा विचार केला तर स्वयंशिक्षित कलावंत म्हणजे नेमके कोण, हे अधिक नीट ध्यानात येते.

म्हसे यांचा जन्म १९३४ सालचा, तलासरी तालुक्यातील धामणगावचा. हा भाग तेव्हा ठाणे जिल्ह्यात होता. २०१४ पासून तो पालघर जिल्ह्यात मोडतो. वारली कुटुंब, घरची गरिबी. वयाच्या सातव्या वर्षाच्या सुमारास आई गेली, आणि त्या धक्क्याने मुलाचे बोलणेच थांबले. पुढे काही वर्षे तो जे सांगावयाचे ते जमिनीवरील धुळीत काढून दाखवीत असे, असे त्यांच्या चरित्राविषयी सर्वत्र सांगितले जाते. नंतर हे कुटुंब डहाणू तालुक्यातील गंजाडजवळच्या कळंबीपाडा येथे आले. तेथेच त्यांचे आयुष्य गेले. प्रारंभीची कैक वर्षे दुसऱ्याच्या शेतावर मजुरी करण्यात गेली.

आता चित्रकलेकडे वळू. वारली समाजात चित्र काढणे हे मुळात पुरुषाचे काम नव्हे. लग्नाच्या वेळी घराच्या आतील भिंतीवर ‘चौक’ लिहिला जातो, आणि तो लिहिण्याचा अधिकार सवाशिणींचा. कारवीच्या काठ्यांच्या कुडाची भिंत शेणमातीने सारवून तिच्यावर गेरूचा हात दिला जातो. तांदळाचे पीठ पाण्यात कालवून पांढरा रंग होतो. बांबूची काडी टोकाशी चावून मऊ केली की तिची लेखणी होते. चौकटीच्या आत पालघट देवीची आकृती आणि चौकटीच्या चारी बाजूंस बारीक नक्षीच्या ओळी असतात. बाहेर झाडे, पाखरे, माणसे, नाचणारी रांग. धवलेरी गाणी म्हणत असते, आणि देवीचा चौक पुरा झाल्याविना लग्न लागत नाही. हे चित्र कोणी विकत घेत नाही, त्याखाली कोणी नाव घालत नाही, आणि लग्न उरकल्यावर ते जपून ठेवण्याचाही कोणी प्रयत्न करीत नाही.

त्यातील माणूस कसा काढला जातो, हे पाहण्यासारखे आहे. दोन त्रिकोण टोकाला टोक लावून ठेवले की छाती आणि कंबर झाली. वर वाटोळे डोके, खाली-वर काड्यांसारखे हातपाय. शरीराचा सारा तोल त्या दोन टोकांच्या सांध्यावर असतो. तो सांधा किंचित डावी-उजवीकडे कलला की माणूस वाकतो, धावतो, ओझे उचलतो, तारप्याच्या तालावर नाचतो. हे वरून सोपे वाटते. ज्या शिक्षकांनी ते वर्गातील फळ्यावर काढून पाहिले असेल, त्यांना आपला माणूस उभ्या खुंटीसारखा का दिसतो, याचा अनुभव आला असेल.

म्हसे हे सारे कोणाकडून शिकले? अर्थात या बायकांकडून. भिंतीशी बसून पीठ कालवणाऱ्या, रेघेचा हात सांभाळणाऱ्या सवाशिणींना पाहून ते शिकले. तेव्हा ‘स्वयंशिक्षित’ हा शब्द त्यांना लावावयाचा तर जरा जपून लावला पाहिजे. त्यांना शिकविणारे होते; प्रमाणपत्र देणारे मात्र कोणी नव्हते. त्यांचे स्वतःचे असे जे काही होते, ते वेगळेच. बायका लग्नप्रसंगी चित्र काढीत. म्हसे प्रसंग नसतानाही काढू लागले. रोज काढू लागले. व्यवसायी कलावंताची पहिली खूण हीच असावी. पुरुषाने बायकांचे काम हाती घ्यावे, तेही लग्न नसताना, तेही ज्यातून चार पैसे मिळण्याची शक्यता नाही असे, हे पाड्यावर कोणाला विशेष शहाणपणाचे वाटले असेल असे नाही.

सत्तरीच्या दशकाच्या प्रारंभी भास्कर कुलकर्णी हे चित्रकार या भागात आले. त्यापूर्वी, बिहारमधील दुष्काळाच्या काळात, हस्तकलेच्या क्षेत्रातील पुपुल जयकर यांनी त्यांना मिथिलेत पाठविले होते आणि मधुबनीच्या स्त्रियांनी भिंतीवरील चित्रे कागदावर उतरविली, यात कुलकर्णींचा मोठा वाटा होता. वारल्यांकडेही ते कागद घेऊन आले. ते चित्रे काढणाऱ्या बायकांच्या शोधात होते; बायका प्रथम संकोचल्या, आणि पुढे आला तो एक पुरुष, असे सांगितले जाते.

कुलकर्णी यांनी काय केले याइतकेच, त्यांनी काय केले नाही हेही महत्त्वाचे आहे. त्यांनी कागद दिला, चित्रे शहरापर्यंत पोचविली, काढणाऱ्याचे नाव चित्राबरोबर पुढे आणले. पण स्वतः शिकलेले चित्रकार असूनही त्यांनी म्हसे यांना छायाप्रकाश शिकविला नाही, दूरचे लहान आणि जवळचे मोठे काढण्याचा नियम सांगितला नाही, रंगांची पेटी हाती दिली नाही. गेरूच्या पार्श्वभूमीवर पांढरी रेघ जशी होती तशीच राहिली. ग्रामीण कलेला उत्तेजन देऊ पाहणाऱ्या अनेक सद्हेतूपूर्ण माणसांना एवढा संयम राखता येत नाही.

१९७५ साली मुंबईत जहांगीर कलादालनाच्या इमारतीतील केमोल्ड या दालनात म्हसे यांच्या चित्रांचे प्रदर्शन झाले. १९७६ साली त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पुढील यादी वाचून दाखविण्यात फारसे हशील नाही. २००३ साली ड्युसेलडॉर्फ येथे रिचर्ड लाँग या नामांकित ब्रिटिश कलावंताबरोबर आणि त्यांच्या बरोबरीने म्हसे यांचे काम मांडले गेले, आणि २००९ साली नेदरलँड्सचा प्रिन्स क्लाउस पुरस्कार त्यांना मिळाला, एवढे सांगितले तरी पुरे.

त्याहून अधिक सांगण्याजोगे आहे ते कागदावर आल्यानंतर चित्रात काय घडले, ते. भिंतीवरील चौकाला देवीचे स्थान ठरलेले, चौकट ठरलेली. कागदावर देवी बसविण्याचे बंधन नव्हते. तेव्हा म्हसे यांनी चौकटीबाहेरचे जगच मध्यभागी आणले: पेरणी, मळणी, वारुळ, मुंग्यांची रांग, रानातील वाट. मासे धरण्याचे त्यांचे चित्र प्रसिद्ध आहे. त्यात सारा पट जाळ्याने व्यापलेला असतो. जाळ्याचे डोळे इतके बारीक आणि इतके असंख्य की प्रथम फक्त एक पांढरा झरझराट दिसतो. मग त्यात अडकलेले मासे दिसू लागतात, आणि सर्वांत शेवटी जाळे टाकणारा माणूस. असे चित्र पुरे करण्यास दिवसचे दिवस बसावे लागते. मजुरीवर जगणाऱ्या माणसाने तेवढे दिवस बसावयाचे तर त्या दिवसांचा मोबदला कोणीतरी दिला पाहिजे. तो मिळू लागला तेव्हाच ही कला म्हसे यांचा व्यवसाय झाली. पुरस्काराने नाव झाले. बैठक टिकली ती चित्र विकले जाऊ लागल्यामुळे.

त्यांचे पुत्र सदाशिव आणि बाळू हेही चित्रकार झाले. पाहता पाहता डहाणू, तलासरी, जव्हार, विक्रमगड या पट्ट्यातील अनेक तरुणांनी हाती काडी घेतली. मागणी वाढली तशी नक्कलही वाढली. आज वारली माणूस साडीच्या पदरावर, चहाच्या पेल्यावर, उपाहारगृहांच्या भिंतीवर सर्वत्र नाचताना दिसतो, आणि तो काढणाऱ्याने वारली पाडा पाहिलेलाही नसतो. २०१४ साली वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन मिळाले, ही समाधानाची गोष्ट आहे. मात्र त्याने नावाच्या गैरवापराला आळा घालण्याचे साधन मिळते. प्रत्येक चित्राला रास्त भाव आपोआप मिळत नाही. भावाचे काम बाजारात, मेळ्यात आणि खरेदी करणाऱ्या कार्यालयात करावे लागते.

यात एक अवघड गोष्ट राहून जाते, आणि ती झाकून ठेवणे बरे नव्हे. जी कला स्त्रियांची होती, तिच्यात पैसा आणि प्रतिष्ठा येताच पुढे दिसू लागले ते बहुतेक पुरुष. यासाठी म्हसे यांना बोल लावता येणार नाही. पैशाचा मागमूस नव्हता तेव्हापासून ते चित्रे काढीत होते. परंतु शहरात जाणे, दलालाशी बोलणे, बँकेत खाते उघडणे, प्रदर्शनाच्या गाळ्यावर आठ दिवस राहणे ही कामे ज्याला जमली, तो चित्रकार म्हणून नोंदला गेला. ज्यांच्या हाताकडे पाहून तो शिकला, त्या सवाशिणी चौक लिहीत घरीच राहिल्या. त्यांची नावे कोणत्या यादीत सापडत नाहीत. काही स्त्रिया अलीकडे पुढे आल्या आहेत, पण प्रमाण फार थोडे.

जिल्हा परिषदेच्या कितीतरी शाळांच्या भिंतींवर आज वारली चित्रे रंगविलेली दिसतात. हेतू चांगला असतो. प्रत्यक्षात रंगकाम करणारा ठेकेदार चौरस फुटाच्या दराने काम घेतो आणि एकच नाचणारी साखळी साच्याने उमटवीत जातो. गाव वारली असेल, आणि शाळेपासून हाकेच्या अंतरावर चौक लिहिणारी बाई राहात असेल, तर तो खर्च तिच्या हाती देण्यास नियमांची फारशी अडचण येऊ नये. ग्रामपंचायतीच्या ठरावात तिचे नाव आणि तिला द्यावयाची रक्कम लिहिली म्हणजे झाले. भिंतीच्या कोपऱ्यातही ते नाव यावे. शाळेतील एखादा मुलगा वा मुलगी पाटीवर अक्षराऐवजी चित्रच काढीत बसत असेल, तर पाटी पुसून टाकण्यापूर्वी तिच्याकडे एकदा नीट पाहावे. न बोलणारी मुले आजही शाळांतून असतात.

म्हसे यांचे निधन १५ मे २०१८ रोजी झाले. त्यांची चित्रे आता देशोदेशींच्या संग्रहांतून आहेत, आणि त्यांची निगा राखली जाईल. पाड्यावरचा चौक पाहावयाचा तर लग्नसराईतच गेले पाहिजे. पुढे भिंत पुन्हा सारवली जाते आणि पीठाची रेघ शेणमातीखाली जाते. तेव्हा ज्यांच्या गावी येत्या लग्नसराईत चौक लिहिला जाईल, त्या शिक्षकांनी व पंचायत सदस्यांनी घरच्या माणसांची परवानगी घेऊन तेथे जावे, चौक लिहिणाऱ्या बायकांची नावे विचारावीत आणि भिंत सारवली जाण्यापूर्वी ती वहीत उतरवून घ्यावीत.