गिअरचा गुणाकार

(आपल्या सोसायटीच्या ज्येष्ठ नागरिक कट्ट्यावर केलेल्या भाषणाचा मजकूर)



सेक्रेटरींनी मला ‘अनुभवाचे बोल’ सांगायला उभं केलं, तेव्हा तुम्हाला वाटलं असेल की आता हे बँकवाले काका फिक्स्ड डिपॉझिटवर बोलणार. घाबरू नका. आज मी एका जुन्या स्पोर्ट्स कारविषयी बोलणार आहे. पण त्यातही हिशेब आहेच. सवय जात नाही!

माझा मुलगा तुमच्यापैकी बऱ्याच जणांना आठवत असेल. शाळेतून आला की दप्तर टाकून तो समोरच्या गॅरेजमध्ये जाऊन उभा राहायचा. मला ते आवडत नसे. “हे आपलं काम नाही” असं मी त्याला कितीदा सांगितलं असेल, त्याची गणती नाही. पुढे तो शिकला, इंग्लंडला डर्बीत नोकरीला लागला. काही वर्षांपूर्वी आम्ही दोघं त्याच्याकडे गेलो, तर दारात १९७२ ची एमजीबी जीटी उभी! ॲबिंग्डनच्या कारखान्यातली, १७९८ सीसीची, दोन दारांची. मागे जेमतेम नातू बसेल एवढीच सीट.

या गाडीला चार गिअर. टॉप गिअरमध्ये ताशी ७० मैल, म्हणजे सुमारे ११२ किलोमीटर वेगाला इंजिन मिनिटाला ३,९०० च्या आसपास फेरे मारतं. मोटरवेवर तासभर असं चाललं की आतल्या माणसांना एकमेकांशी बोलता येत नाही. मुलाला यावर इलाज हवा होता. कोणीतरी सल्ला दिला, “मागचा क्राऊन-पिनियन बदल.” आम्ही पोहोचण्याआधीच त्याने तो बदललाही होता.

आता थोडं गणित. पहिल्या गिअरचं प्रमाण ३.४४, म्हणजे इंजिनाचे ३.४४ फेरे झाले की गिअरबॉक्समधून मागे जाणारा शाफ्ट एकदा फिरतो. मागच्या ॲक्सलमधल्या क्राऊन-पिनियनचं प्रमाण ३.९०९, म्हणजे शाफ्टचे तेवढे फेरे झाले की चाक एकदा फिरतं. दोन्हींचा गुणाकार १३.४५. हा आकडा जितका मोठा, तितका चाकाला जोर जास्त आणि वेग कमी. आपली जुनी फिएट खंबाटकीत सेकंड गिअरवर चढायची, ते याच हिशेबाने.

मुलाने बसवलेला क्राऊन-पिनियन एमजीबीच्याच व्ही-८ मॉडेलचा, ३.०७ प्रमाणाचा. मोटरवेवर इंजिन शांत झालं, ३,९०० चे जवळपास ३,०६० झाले. तो खूश होता. पण व्ही-८ चं इंजिन साडेतीन लिटरचं, याचं पावणेदोनच्या वर थोडं. आणि क्राऊन-पिनियन बदलला की फक्त टॉप गिअर बदलत नाही, चारही गिअर बदलतात. पहिल्याचा गुणाकार १३.४५ वरून १०.५६ वर आला. म्हणजे एकवीस टक्के जोर गेला.

त्याचा प्रत्यय आला तो विनॅट्स पासला. डर्बीशायरमधला हा घाट अरुंद आणि अतिशय खडा आहे. अर्ध्या चढावर मेंढ्या आडव्या आल्या. गाडी थांबली ती थांबलीच. मुलगा हाफ क्लचवर उचलायला बघतोय, क्लच प्लेट जळाल्याचा वास सुटलाय, गाडी वीतभर मागे सरकतेय, मागे दुसरी गाडी आणि मागच्या सीटवर सहा वर्षांचा नातू रडतोय. कसेबसे वर पोहोचलो. आणि मी त्या पोराच्या देखत मुलाला म्हणालो, “सांगत होतो ना, हे आपलं काम नाही!”

तो काहीच बोलला नाही. पुढचे तीन दिवस आम्ही दोघं “चहा घेता का”, “हो” एवढंच बोललो.

चौथ्या दिवशी पोलिसांची नोटीस आली. तारीख घाटाच्या आदल्या आठवड्यातली. ३० मैलांची मर्यादा असलेल्या रस्त्यावर गाडी ३८ ने गेली होती. मुलगा म्हणाला, “बाबा, शप्पथ सांगतो, मीटर तीसच दाखवत होता.” मी काही बोलणार, तेवढ्यात सौभाग्यवती म्हणाल्या, “अहो, जन्मभर बँकेत दुसऱ्यांच्या चुका शोधल्यात. त्याची नक्की कुठे चुकली ते तरी बघा!”

मग मी मॅन्युअल आणि कॅल्क्युलेटर घेऊन बसलो. या गाडीत स्पीडोमीटरची केबल गिअरबॉक्सला जोडलेली असते. मीटर शाफ्टचे फेरे मोजतो, चाकाचे नाही. नव्या क्राऊन-पिनियनमुळे शाफ्टच्या तेवढ्याच फेऱ्यांत चाक जास्त फिरत होतं. किती जास्त? ३.९०९ भागिले ३.०७, म्हणजे १.२७ पट. तीस गुणिले १.२७, उत्तर ३८! नोटिशीतला आकडा आणि माझा आकडा एकच. बँकेत ताळा जुळल्यावर इतका आनंद मला कधी झाला नव्हता. मुलगा खोटं बोलत नव्हता.

त्या रात्री जेवणाच्या टेबलावर आम्ही दोघं बारापर्यंत कागद खरडत बसलो. उत्तर त्याच गाडीच्या मॅन्युअलमध्ये होतं. कंपनी तेव्हा जादा पैसे घेऊन लेकॉकचा ओव्हरड्राइव्ह देत असे. तो गिअरबॉक्सच्या मागे बसतो आणि वरच्या गिअरमध्ये असताना बटण दाबलं की इंजिनाचे फेरे कमी करतो. त्याचं प्रमाण ०.८२. आता गुणाकार करा. जुना ३.९०९ गुणिले ०.८२, बरोबर ३.२०५. म्हणजे व्ही-८ च्या ३.०७ च्या अगदी जवळ. मोटरवेवर ३,२०० फेरे, आणि पहिल्या गिअरचे १३.४५ जसेच्या तसे. हवा होता तो फायदा पूर्ण, आणि घाटाला किंमत मोजायची नाही.

जुना क्राऊन-पिनियन सुदैवाने त्याने फेकला नव्हता. ओव्हरड्राइव्हचा वापरलेला गिअरबॉक्स आणि त्याला साजेसा स्पीडोमीटर मिळाला. या गाडीत गिअरबॉक्स काढायचा तर इंजिनासकट काढावा लागतो. दोन शनिवार-रविवार मी दिवा धरून उभा होतो. “बाबा, तेरा नंबरचा पाना द्या” म्हणाला तर मी चौदाचा दिला, तो हसला. नंतर कळलं, त्या गाडीला इंचाचे पाने लागतात, तो माझी गंमत करत होता!

काम पुरं व्हायच्या आत आम्ही परतलो. महिन्याभराने व्हिडिओ कॉल आला. पाठीमागे विनॅट्सचा माथा, शेजारी नातू. “आजोबा, मेंढ्या परत आल्या, पण गाडी निघाली!” मी मुलाला म्हणालो, “अरे, ते ‘आपलं काम नाही’ म्हणालो, ते चुकलं माझं.” तो म्हणाला, “बाबा, गुणाकार तुम्हीच केलात की.”

जाता जाता, आपल्या पार्किंगमधल्या तरुण मंडळींसाठी एक सांगतो. गाडीला हौसेने मोठ्या व्यासाचे टायर लावलेत, तरी हेच होतं. मीटर कमी दाखवतो, गाडी जास्त पळते आणि चढावर जोर कमी पडतो. एक वस्तू बदलण्याआधी तिचा गुणाकार कशाकशाशी होतो, ते कागदावर मांडून बघा. कॅल्क्युलेटर नसेल तर बी विंगमध्ये दुसऱ्या मजल्यावर या. चहाही मिळेल.

रौप्यमहोत्सवाच्या सर्वांना शुभेच्छा.