मंडळी म्हणजे कोण?

आजचा विषय माझ्या घरातला आहे. आवाज मधेच अडकला तर सांभाळून घ्या.

मी देवळाली प्रवराचा. आमच्या घरात तीन पिढ्या ख्रिस्ती. रविवारी शब्बाथशाळा, मग उपासना. नाताळात घरोघरी गाणी म्हणत फिरायचं, सप्टेंबरात शेजाऱ्यांबरोबर हरेगावला मतमाउलीच्या यात्रेला जायचं. आणि मी गे आहे. या दोन गोष्टी एका दमात बोलायला मला अकरा वर्षं लागली.

पंधराव्या वर्षी कळलं. सांगणार कोणाला? देवालाच सांगितलं. रोज रात्री एकच प्रार्थना, ‘प्रभू, हे काढून घे.’ नाही घेतलं. मला वाटायचं, आपलाच विश्वास कमी पडतोय. शेवटी एका पाळकसाहेबांना सांगितलं. त्यांनी उपास करायला लावले, डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली. माणूस दुष्ट नव्हता, त्यांना तेवढंच माहीत होतं. पण नंतर प्रभुभोजनाच्या वेळी भाकरीचं ताट समोर आलं की मी न घेता पुढे द्यायला लागलो. आईने ते पाहिलं. विचारलं मात्र नाही.

६ सप्टेंबर २०१८ ला सुप्रीम कोर्टाचा ३७७ चा निकाल आला तेव्हा मी पुण्यात कॉलेजला होतो. होस्टेलवर मोबाईलमध्ये बातमी वाचली. कायद्याने आपण गुन्हेगार नाही, हे कळलं. पण देवाच्या दारात आपण कोण, ते कोर्ट कसं सांगणार?

म्हणून बायबल स्वतः वाचायला घेतलं. लेवीयमधली, रोमकरांस पत्रातली अवघड वचनं आहेत, ती नाहीत असं मी म्हणणार नाही. त्यांच्या अर्थावर अभ्यासकांचे वाद आहेत. पण सदोमाचं पाप काय, हे यहेज्केल सोळाव्या अध्यायात सांगतो, तेव्हा तो गर्व, भरल्या पोटाची चैन आणि गरिबाला हात न देणं यांची नावं घेतो. हे मला कोणी शिकवलंच नव्हतं. आणि प्रेषितांची कृत्ये, आठवा अध्याय! कूशी देशाचा एक षंढ अधिकारी रथात बसून यशया वाचतोय. जुन्या नियमशास्त्राप्रमाणे अशा माणसाला मंडळीत प्रवेश नाही. तो फिलिप्पाला विचारतो की माझ्या बाप्तिस्म्याला हरकत काय? फिलिप्प त्याला आधी बदलून ये म्हणत नाही. दोघं पाण्यात उतरतात. हे वाचून मी रडलो, लपवत नाही.

आता आपल्या नगर जिल्ह्याकडे या. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, तेव्हा घर फुटलं. लक्ष्मीबाई कित्येक वर्षं वेगळ्या राहिल्या. परत आल्या तरी आधी सोवळं पाळायच्या. १९०० साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला, पण नवऱ्याच्या धाकाने नाही, स्वतः विचार करून. त्यांच्या आठवणींत आपलं राहुरीही येतं. पुढे १९१७ मध्ये टिळकांनी मिशनचं काम सोडून ‘देवाचा दरबार’ काढला. बाप्तिस्मा झालेला असो वा नसो, ख्रिस्ताच्या मागे येणाऱ्या प्रत्येकाला त्यात जागा होती.

आपल्यापैकी बहुतेकांच्या आज्या-पणज्यांना गावाने वेशीबाहेर ठेवलं होतं. बाहेर उभं राहणं काय असतं, हे आपल्या मंडळीला सांगावं लागू नये.

बदल होतोय, पण हळू. नागपूरला कार्यालय असलेल्या नॅशनल कौन्सिल ऑफ चर्चेसने या विषयावर चर्चांशी बोलणं सुरू केलं. २०१३ मध्ये मुंबईचे कार्डिनल ग्रेशियस म्हणाले की समलिंगी माणसांना गुन्हेगार मानू नये. गोव्याचे फॅशन डिझायनर वेंडेल रॉड्रिक्स कॅथलिक होते, आपल्या जोडीदाराबरोबर कोलवाळ गावात उघडपणे राहिले. तरी बहुतेक चर्चमध्ये आपलं लग्न आजही लागत नाही आणि कायद्यातही त्याला जागा नाही. खोटी आशा मी देणार नाही.

मग मला मंडळी कुठे भेटली? पुण्यात, एका भाड्याच्या खोलीत. आम्ही पाच जण. एक वसईचा, एक सोलापूरची, एकाचा तर बाप्तिस्माही झालेला नाही. रविवारी संध्याकाळी एक अध्याय वाचतो, टिळकांची एक-दोन गीतं म्हणतो, एकमेकांसाठी प्रार्थना करतो, मग चहा-पाव. एवढंच. पण तिथे मला अर्धा माणूस बाहेर ठेवून आत जावं लागत नाही.

आईला गेल्या वर्षी सांगितलं. ती अजून ‘गे’ म्हणत नाही, ‘तुझं ते’ म्हणते. वडील तर विषयच टाळतात. पण ईस्टरला गावी गेलो होतो. भाकरीचं ताट आलं आणि मी घेतलं. घरी आल्यावर आई एवढंच म्हणाली, ‘बरं केलंस.’ लक्ष्मीबाईंना पाच वर्षं लागली होती. मीही थांबेन.

ऐकणाऱ्या भावा-बहिणींनो, घरी सांगायची घाई करू नका. आधी राहायला जागा, हातात काम आणि विश्वासाचा एक माणूस बघा. कोणी डॉक्टर ‘बरं करतो’ म्हणाला तर लक्षात ठेवा, राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये अशा उपचाराला गैरवर्तन ठरवलंय. जीव नकोसा झाला तर टेली-मानसला १४४१६ वर फोन करा, रात्री-अपरात्री केला तरी चालतो.

आणि दोघं-तिघं जमा. त्याच्या नावाने दोघं-तिघं जमली की तो तिथे असतो, हे शब्बाथशाळेत आपण सगळेच शिकलोय. सलाम!