एका वेळी एकच : संगणकातील सामाईक कुलपाविषयी

(वसई येथे तालुक्यातील ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक आणि शासकीय कर्मचारी यांच्यासमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



सातबाऱ्याचा उतारा आपणा सर्वांच्या परिचयाचा आहे. कर्जासाठी किंवा जमिनीच्या व्यवहारासाठी गेलेल्या माणसाला प्रथम विचारले जाते, ते उतारा ताजा आहे काय? कारण उतारा ही मूळ नोंद नव्हे, ती एका विशिष्ट दिवशी घेतलेली प्रत होय. त्यानंतर एखादा फेरफार मंजूर झाला, तर मूळ नोंद बदलते आणि खिशातील कागद मात्र जुनेच सांगत राहतो. आजच्या विषयाचे अर्धे मर्म एवढ्यातच आले.

संकेतस्थळामागील यंत्रणेतही अशा प्रतींचा एक साठा असतो. त्याला कॅश म्हणतात. या शब्दाने आपल्याकडे विनाकारण रोकड आठवते. त्याचा पैशाशी काही संबंध नाही. मूळ माहितीसाठ्यातून उत्तर शोधून काढण्यास वेळ लागतो. म्हणून पुनःपुन्हा विचारल्या जाणाऱ्या प्रश्नाचे उत्तर एकदा तयार करून, संगणकाच्या शीघ्र स्मृतीत ठेवून देतात आणि त्याला मुदत घालतात. मुदत संपली की प्रत रद्द होते व नवी करावी लागते.

२०२१ सालची लसीकरण नोंदणी आठवावी. २८ एप्रिल रोजी दुपारी ४ वाजता १८ वर्षांवरील नागरिकांसाठी कोविनवरील नोंदणी खुली झाली आणि त्या एका दिवसात एक कोटीहून अधिक नावे नोंदली गेली. प्रारंभी अनेकांना अडचणीही आल्या. पुढे कित्येक दिवस वसई-विरारमधील तरुण मंडळी भ्रमणध्वनीवर पालघर जिल्हा निवडून, कोणत्या केंद्रावर जागा आहे हे क्षणोक्षणी पाहत होती. इतर उपयोजनांना माहिती पुरविण्यासाठी कोविनने जी सार्वजनिक सोय खुली केली होती, तिच्या माहितीपत्रकात त्या काळी स्पष्टच म्हटले होते, की जागांची माहिती साठवलेल्या प्रतीतून दिली जात असल्याने ती ३० मिनिटांपर्यंत जुनी असू शकेल. माझ्या मते हा प्रामाणिकपणा अनुकरणीय होता. प्रत शिळी असू शकते हे वाचणाऱ्याला कळले पाहिजे.

आता खरी अडचण पाहू. समजा, एका जिल्ह्याची यादी मूळ साठ्यातून तयार करण्यास दोन सेकंद लागतात आणि ती यादी दर सेकंदाला ५०० माणसे मागत आहेत. प्रत जागेवर असेपर्यंत सर्व सुरळीत चालते. पण ज्या क्षणी तिची मुदत संपते, त्या क्षणापासून नवी प्रत तयार होईपर्यंतच्या दोन सेकंदांत हजार मागण्या येतात. प्रत्येकीला प्रत गायब दिसते आणि प्रत्येक जण मूळ साठ्याकडे धाव घेतो. एकच यादी हजार वेळा तयार होऊ लागते. त्या भाराने दोन सेकंदांचे दहा सेकंद होतात, तोवर आणखी गर्दी जमते आणि अखेर यंत्रणा कोसळते. फेसबुक कंपनीच्या अभियंत्यांनी २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात याचे मोजमाप दिले आहे. एकाच मागणीला प्रत तयार करण्याची परवानगी द्यावयाची व इतरांना थांबवावयाचे, एवढी व्यवस्था केल्यावर त्यांच्या मूळ साठ्यावरील कमाल भार सेकंदाला १७,००० प्रश्नांवरून १,३०० वर आला.

ही परवानगी म्हणजेच कुलूप. ज्याला ते मिळाले त्याने यादी करावी. इतरांनी क्षणभर थांबावे किंवा जुनी प्रत दाखवून काम भागवावे. संगणक एकच असता तर हे सोपे होते. परंतु मोठ्या संकेतस्थळामागे अनेक संगणक एकाच वेळी काम करीत असतात आणि एकाच्या मनातले दुसऱ्यास ठाऊक नसते. म्हणून कुलूप सर्वांना दिसेल अशा तिसऱ्या ठिकाणी ठेवावे लागते.

रेल्वेच्या एकेरी मार्गावर टोकनची पद्धत होती, ती येथे आठवते. दोन स्थानकांत विजेने जोडलेली यंत्रे असत. एका यंत्रातून पोलादी गोळा बाहेर काढला, की तो कोणत्याही एका टोकाला परत घातला जाईपर्यंत दुसरा गोळा कोणत्याच यंत्रातून निघत नसे. गोळा हाती असलेल्या चालकानेच गाडी पुढे न्यावयाची. संगणकातही हे काम करणारी साधने आहेत. साल्व्हातोरे सानफिलिप्पो या इटालियन प्रोग्रामरने २००९ मध्ये सिद्ध केलेले रेडिस हे त्यांपैकी सर्वपरिचित होय. त्याला एकच आज्ञा देता येते : या नावाची नोंद नसेल तरच ती कर, आणि तिला दहा सेकंदांची मुदत घाल. पाहणे आणि लिहिणे ही एकच अखंड क्रिया असते, हे महत्त्वाचे. आधी पाहिले व मग लिहिले, तर त्या मधल्या निमिषात दुसऱ्यानेही पाहिलेले असते आणि दोघेही स्वतःला कुलपाचे धनी समजतात.

मात्र रेल्वेच्या गोळ्याला मुदत नसे. गाडी वाटेत बंद पडली, तर माणसे जाऊन ती आणीपर्यंत मार्ग बंदच राहावा, हेच तेथे इष्ट होते. संगणकात कुलूप घेतलेले यंत्रच बंद पडले तर ते काढणार कोण? म्हणून मुदत. आणि या मुदतीतूनच नवी गुंतागुंत जन्मते. यंत्र बंद पडले नसून नुसतेच खोळंबले असेल, तर? दहा सेकंद उलटतात, कुलूप दुसऱ्याला मिळते. इतक्यात पहिला जागा होतो आणि आपले समजून दुसऱ्याचे कुलूप काढून टाकतो. यावर उपाय असा, की प्रत्येकाने कुलपात स्वतःची खूण, म्हणजे एक यादृच्छिक क्रमांक, लिहावा आणि काढताना ती खूण जुळली तरच काढावे. जुळवणे व काढणे हेही एकाच क्रियेत झाले पाहिजे.

तरीही एक छिद्र उरतेच. उशिरा जागा झालेला मनुष्य दुसऱ्याचे कुलूप काढणार नाही, पण हातातले जुने उत्तर साठ्यात लिहून टाकील. याच प्रश्नावरून २०१६ साली जाहीर वाद झाला. सानफिलिप्पो यांनी पाच स्वतंत्र यंत्रांपैकी किमान तिघांची संमती घेणारे कुलूप सुचविले होते. संशोधक मार्टिन क्लेपमन यांनी त्यावर आक्षेप घेतला आणि सानफिलिप्पो यांनी त्यांना उत्तर दिले. तपशिलात मी शिरत नाही. क्लेपमन यांचा मूळ प्रश्न मात्र प्रशासनातील प्रत्येकाने विचारावा असा आहे : कुलूप श्रम वाचविण्यासाठी हवे आहे, की नोंद बिघडू नये म्हणून?

केंद्रांच्या यादीचे काम चुकून दोनदा झाले, तर थोडी वीज वाया जाते. जुनी यादी काही क्षण दिसली, तरी मोठे नुकसान नाही. तेथे साधे, मुदतीचे कुलूप पुरे. पण फेरफाराचे तसे नाही. जमिनीच्या एकेका गुंठ्याला जेथे एवढे मोल आले आहे त्या वसईत, एकाच गटाच्या हक्कनोंदीवर दोन हातांनी एकाच वेळी लिहिले गेले, तर त्याचे परिणाम कुटुंबांना वर्षानुवर्षे भोगावे लागतील. तेथे मुदतीच्या कुलपावर विसंबता येत नाही. प्रत्येक परवानगीला आवक नोंदवहीसारखा चढता क्रमांक द्यावा लागतो आणि मूळ नोंदवहीनेच तो तपासावा लागतो. ४२ क्रमांकाचे लिखाण झाल्यावर ४१ क्रमांकवाला लिहावयास आला, तर नोंदवहीने त्याला परत पाठवावे. पहारा दारावर असला तरी वहीनेही सावध राहिले पाहिजे, असा हा प्रकार आहे.

कुलपावाचूनही काही उपाय होतात, हेही सांगितले पाहिजे. सर्व प्रतींची मुदत एकाच क्षणी संपू न देता ती थोडी पुढेमागे ठेवता येते किंवा मुदत संपण्यापूर्वीच नवी प्रत करून ठेवता येते. अनेकदा एवढ्यावरही भागते.

आपल्या कार्यालयात एखादी नवी प्रणाली दाखविण्यात येईल, तेव्हा पडद्यावरील रंग पाहून परतू नये. प्रत किती जुनी असू शकते, ते विचारावे. कुलपाची मुदत किती, आणि काम त्या मुदतीत न संपल्यास काय होते, ते विचारावे. शिवाय कुलूप सांभाळणारे यंत्रच बंद पडले तर काय होणार, हेही विचारावे. यादीच्या बाबतीत काम कुलपावाचून पुढे चालू राहील, हे उत्तर ठीक. फेरफाराच्या बाबतीत मात्र लिखाण थांबेल, असेच उत्तर मिळाले पाहिजे.