घशाचा कर्करोग परतला तेव्हा
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मला भाषणाची सवय नाही. आमच्या घरी घडले तेवढे सांगते.

आपल्या चिचगडच्या रानात उन्हाळ्यात आपण तेंदूपत्ता तोडायला जातो. त्याच पानाची विडी आमच्या यजमानांनी तीस वर्षे ओढली. मग आवाज बसला. काढे झाले, गुळण्या झाल्या. शेवटी नागपूरला स्वरयंत्राचा कर्करोग निघाला. सहा-सात आठवडे शेक, म्हणजे किरणोपचार, घेतला आणि आवाज सुधारला.

दीड वर्षाने तो पुन्हा घोगरा झाला. शेकाने घसा कोरडा पडला असेल, असे समजून मी दोन महिने गप्प बसले. ही माझी चूक. शेकानंतर घसा सुजतोच. आत सूज आहे की रोग, हे दुर्बीण घालून आणि तुकडा तपासूनच कळते. तपासले, तो रोगच निघाला.

"पुन्हा शेक द्या," मी म्हटले. पण एकदा पुरा शेक दिलेल्या जागी तो सहसा पुन्हा देता येत नाही. गोंदियाहून विदर्भ एक्सप्रेसने मुंबईस टाटा रुग्णालयात गेलो. सारे स्वरयंत्र काढले तर गळ्याला कायमचे छिद्र राहते, श्वास त्यातूनच, आणि मूळचा आवाज जातो. हे ऐकून यजमान भिंतीकडे तोंड करून बसले.

मात्र गाठ लहान असली, स्वरतंतू हलत असले आणि तोंडातून नळी घालून ती पुरती दिसली, तर लेसरने तेवढीच कापता येते. लेसर म्हणजे शेक नव्हे, ती प्रकाशाची सुरी! बोस्टनच्या स्ट्राँग आणि जाको या डॉक्टरांनी १९७२ साली स्वरयंत्रावरील तिच्या वापराची माहिती प्रसिद्ध केली. रोग्याला भूल देऊन सूक्ष्मदर्शकातून पाहत कापतात. गळ्यावर टाका नाही. आमची गाठ एकाच तंतूवर होती.

कडेला रोग उरला तर पुन्हा कापावे लागेल, प्रसंगी स्वरयंत्रही काढावे लागेल, हे डॉक्टरांनी आधीच बजावले होते. अहवाल येईपर्यंत धर्मशाळेत माझा डोळ्याला डोळा लागला नाही. कडा स्वच्छ निघाल्या.

आवाज आता फुसका आहे. बैलांना हाक पोचत नाही, म्हणून शिट्टी घेतली आहे. विडी सुटली, दुर्बिणीची तपासणी चालूच आहे.

तुमच्या घरी कोणाचा आवाज तीन आठवड्यांवर बसलेला असेल, तर चहाच्या वेळी मला भेटा. आणि शेक झाला असेल तर त्याचे कागद जपून ठेवा. मुंबईत सर्वांत आधी तेच मागितले.